निःसार झालेलें गहाण : स्मृतींतील आधि आणि शेअरबाजारांतील मार्जिन

शेअर विकत घेतांना सर्व किंमत रोख न देतां कांहीं रक्कम आपली, बाकीची दलालाकडून कर्जाऊ, आणि घेतलेले शेअरच त्या कर्जाचें तारण, अशा व्यवहारास बाजारांत मार्जिनचा व्यवहार म्हणतात. हा प्रकार सर्वस्वीं पाश्चात्त्य व अगदीं अलीकडचा, अशी सामान्य समजूत आहे. नांव परकें आहे व यंत्रणाहि बऱ्याच अंशीं नवी आहे, हें खरें. परंतु तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न नवा नाहीं. गहाण ठेवलेल्या वस्तूचें मोल कर्ज फिटण्यापूर्वींच उतरलें तर काय करावें, हा तो प्रश्न होय. आमच्या व्यवहारशास्त्रानें तो सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं उपस्थित केला आणि त्याचें स्पष्ट उत्तरहि दिलें. त्या उत्तराचा परामर्श प्रथम घ्यावा, मुंबईंत १८६४-६५ सालीं त्याचा विसर पडून काय अनर्थ झाला तें नंतर पाहावें, आणि आजच्या मार्जिनच्या नियमांनीं त्या उत्तरांतील किती भाग उचलला व किती धोका तसाच राहिला हें शेवटीं ठरवावें, असा प्रस्तुत लेखाचा क्रम आहे. जुनीं गहाणखतें व पेढ्यांच्या वह्या ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांस हा विषय अगदींच परका वाटूं नये.

१. आधीसंबंधीं स्मृतिकारांचे नियम

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋणादान नांवाचें प्रकरण आहे. त्यांत गहाणास आधि ही संज्ञा दिलेली असून त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. नुसतें राखून ठेवावयाचें तें गोप्य गहाण, आणि ज्याचें उत्पन्न धनकोनें घ्यावयाचें तें भोग्य गहाण. तांब्याचें भांडें हें पहिल्याचें व शेत हें दुसऱ्याचें उदाहरण म्हणून घेतां येईल. यांपैकीं गोप्य गहाण धनकोनें वापरलें तर त्याचें व्याज बुडतें. गहाण त्याच्या हातून हरवलें किंवा नष्ट झालें तर तें त्यानें भरून दिलें पाहिजे. मात्र दैवाची आपत्ति किंवा राजाची कृति हे अपवाद. कर्ज व्याजासह दुप्पट झालें आणि ऋणकोनें गहाण सोडविलें नाहीं, तर तें धनकोचें होतें. आमच्याकडे दामदुप्पट हा शब्द आजहि लोकांच्या तोंडीं आहे, त्याचें बीज अशाच वचनांत आहे.

प्रस्तुत विषयास लागू पडणारा नियम याच्या लगतच आलेला आहे. धनकोनें नीट राखलेलें गहाणहि निःसार झालें, तर ऋणकोनें दुसरें गहाण द्यावें, नाहीं तर धनकोचें धन परत करावें, असा त्याचा आशय आहे. नारदस्मृतींतहि जवळजवळ याच अर्थाचें वचन आढळतें. आतां निःसार होणें म्हणजे काय? वस्तु मोडली, कुजली किंवा फुटली, एवढाच अर्थ घेतला तर नियमाची व्याप्ति फार थोडी राहील. बाराव्या शतकाच्या सुमारास चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयानें कल्याणी येथें मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें येथें जो अर्थ केला आहे तो मोठा मार्मिक आहे. वस्तूंत कांहींएक विकार न होतांहि, केवळ काळ लोटल्यामुळें, ती मुद्दल व व्याज मिळून झालेल्या रकमेस अपुरी पडूं लागली म्हणजे ती निःसार झाली, असा त्याचा अभिप्राय आहे.

या व्याख्येंत तीन गोष्टी अंतर्भूत आहेत. पहिली, गहाणाचें सार हें वस्तूच्या अंगचें नसून कर्जाशीं तुलना करून ठरावयाचें आहे. भांडें तेंच, पण त्यावरील येणें वाढलें कीं तें निःसार होऊं शकतें. दुसरी, त्यांत धनकोचा दोष नसेल तर तुटीची जबाबदारी ऋणकोवर आहे. आणि तिसरी, ही जबाबदारी मुदत संपण्याची वाट पाहात नाहीं. अपुरेपणा आला तेव्हांच ती उत्पन्न होते. मार्जिनच्या व्यवहाराचें सारें शास्त्र या तीन गोष्टींत सांठविलेलें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

२. मार्जिनच्या खात्याचें गणित

आतां आजचा व्यवहार पाहूं. हिंदुस्थानांत शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या संस्थेनें मार्च २००४ मध्यें एक परिपत्रक काढून या व्यवहारास रीतसर परवानगी दिली. त्यांत दोन प्रमाणें घालून दिलीं होतीं. खरेदीच्या वेळीं गिऱ्हाइकाची स्वतःची रक्कम निदान शेंकडा ५० असावी, आणि पुढें कोणत्याहि दिवशीं ती शेंकडा ४० च्या खालीं जाऊं नये. पहिल्यास आरंभींचें मार्जिन व दुसऱ्यास राखावयाचें मार्जिन म्हणतां येईल. पुढें २०१७ सालीं हीं ठराविक प्रमाणें बदलून, ज्या त्या शेअराच्या किंमतींतील चढउतारावर मार्जिन बसविण्याची पद्धति आली. तथापि समजण्यास २००४ चे आंकडेच सोयीचे आहेत.

समजा, एकानें १,००० रुपये भावाचे १०० शेअर घेतले. एकूण किंमत १,००,००० रुपये. पैकीं ५०,००० त्याचे व ५०,००० दलालाचे. सर्व शेअर दलालाकडे गहाण. भाव १,२०० झाला तर शेअरांची किंमत १,२०,००० होते. कर्ज ५०,००० च राहतें. म्हणून मालकाचे ७०,००० झाले. भाव शेंकडा २० चढला, पण मालकाचें धन शेंकडा ४० वाढलें. हें पाहूनच लोक मोहित होतात. भाव उलट ८०० वर उतरला, तर शेअरांची किंमत ८०,००० व मालकाचे ३०,००० उरतात; म्हणजे तोटाहि दुप्पटच झाला. दोन्ही बाजूंस कर्जाचें व्याज वेगळेंच.

येथें दलाल काय करतो तें पाहावें. ८०,००० पैकीं ३०,००० हें प्रमाण शेंकडा साडेसदतीस पडतें. तें ४० हून कमी असल्यामुळें तो ताबडतोब मागणी पाठवितो. बाजारांत हिला मार्जिन कॉल म्हणतात. शेंकडा ४० चें प्रमाण साधण्यास आणखी २,००० रुपये रोख भरावे लागतील, किंवा तितकें तारण वाढवावें लागेल. तें न केल्यास दलाल गहाण शेअरांपैकीं ५,००० रुपयांचे विकून कर्ज ४५,००० वर आणील. मग उरलेल्या ७५,००० च्या शेअरांत मालकाचे ३०,००० म्हणजे बरोबर शेंकडा ४० होतील. दुसरें गहाण दे, नाहीं तर धन दे, हा याज्ञवल्क्याचा विकल्प येथें जशाचा तसा उतरला आहे. नवें एवढेंच कीं, निःसारता केव्हां आली हें धनकोच्या अंदाजावर न ठेवतां आंकड्यानें निश्चित केलें, आणि तिची परीक्षा रोजच्या रोज होऊं लागली. वरील उदाहरणांत ती वेळ ८३३ रुपयांच्या भावाला येते.

मागणी इतक्या लौकर कां करावयाची, याचें मर्म पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ८३३ च्या भावालाहि दलालाचे ५०,००० सुरक्षितच असतात. ते धोक्यांत येण्यास भाव ५०० च्या खालीं जावा लागतो. परंतु ८३३ व ५०० यांच्यामधील अंतर हीच धनकोची सवड होय. तेवढ्या अवधींत त्यानें मागणी केली पाहिजे, उत्तराची वाट पाहिली पाहिजे, व उत्तर न आल्यास गिऱ्हाईक शोधून गहाण विकलें पाहिजे. ही सवड ज्यानें राखली नाहीं, त्याच्या हातीं कागद राहतो व पैसा जातो.

३. मुंबईची १८६४-६५ ची शेअरांची धामधूम

असें प्रत्यक्ष घडल्याचें सर्वांत ठळक उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळें इंग्लंडांतील लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसास कधीं नव्हती अशी किंमत आली. पूर्वींच्या वाजवी भावापेक्षां जास्त म्हणून मुंबईस जें धन मिळालें तें त्या काळच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८ कोटि १० लक्ष पौंड होतें. एवढा पैसा शहरांत आला, पण त्यास गुंतण्यास तितके उद्योग नव्हते. मग बँका, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या व नाना प्रकारच्या मंडळ्या निघूं लागल्या. १८६५ च्या आरंभीं मुंबईंत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशनें आणि ८ जमीन कंपन्या मोजल्या गेल्या. पैकीं फायनान्शियल असोसिएशनांचा एक मोठा धंदा म्हणजे इतर कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देणें. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० पर्यंत चढला. सर दिनशा वाच्छा यांनीं १९१० सालीं या प्रकरणावर इंग्रजींत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो अवश्य वाचण्यासारखा आहे.

या धामधुमींत दोन प्रकारचे व्यवहार चालत होते व ते वेगळे ओळखले पाहिजेत. एक, शेअर गहाण ठेवून कर्ज काढण्याचा. दुसरा, वायद्याचा, म्हणजे अमुक दिवशीं अमुक भावानें शेअर देईन किंवा घेईन असा करार. दुसऱ्या प्रकारांत आधि मुळींच नव्हता, केवळ शब्द होता. मध्यंतरीं भाव कितीहि हलला तरी फरकाची रक्कम ठरलेल्या दिवसापर्यंत कोणी मागत नसे. असे फार मोठे वायदे १८६५ च्या १ जुलैस पुरे व्हावयाचे होते.

पहिल्या प्रकाराची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण ती सरकारी चौकशींत बाहेर आली. बँक ऑफ बाँबे ही १८४० सालीं सनद मिळून स्थापन झाली. सरकार स्वतः तिचें भागीदार होतें. मूळ सनदेनें कर्जें देण्यावर कडक निर्बंध घातलेले असून शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक नव्हती. १८६३ सालच्या १० व्या कायद्यानें ते निर्बंध सैल झाले, व कंपन्यांचे शेअर घेऊन कर्ज देण्याची वाट खुली झाली. नेमका धामधुमीचाच हा काळ. बँकेचें भांडवल ५२ लक्ष २५ हजारांवरून वाढत वाढत २ कोटि ९ लक्षांपर्यंत गेलें. त्या काळचे प्रसिद्ध दलाल प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांचें बँकेच्या कारभारांत मोठें वजन होतें. खुद्द त्यांस व त्यांच्या शिफारशीवर इतरांस मोठमोठ्या रकमा दिल्या गेल्या.

९ एप्रिल १८६५ रोजीं जनरल ली शरण गेला व अमेरिकेंतील युद्ध संपत आलें. बातमी येतांच कापूस उतरला, कापसाबरोबर शेअर उतरले, आणि १ जुलै १८६५, शके १७८७, हा दिवस उजाडला तेव्हां घेणारे पैसे देऊं शकले नाहींत व देणाऱ्यांचे शेअर कोणी घेईना. अ ने ब कडून घ्यावयाचें, ब ने क कडून. एक कडी तुटली कीं सारी साखळी गळाली. दिवाळखोरांची संख्या इतकी झाली कीं १८६५ चा २८ वा कायदा त्यासाठीं खास करावा लागला. बँक ऑफ बाँबेचा शेअर एके काळीं २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांवर आला. १८६८ सालीं सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ बसलें. २ कोटि ९ लक्षांच्या भांडवलापैकीं सुमारें १ कोटि ८९ लक्ष बुडाल्याचें आढळलें. सनदेंतील निर्बंध काढणारा १८६३ चा कायदा, चिटणिसांनीं केलेला अधिकाराचा दुरुपयोग, डायरेक्टरांची हयगय आणि काळाची असाधारण स्थिति, हीं मंडळानें दाखविलेल्या कारणांपैकीं प्रमुख होत.

४. नियमाची मर्यादा

वरील २,८५० व ८७ हे दोन आंकडे घेऊन एक काल्पनिक हिशेब करून पाहूं. २००४ चा नियम १८६५ सालीं असता, व कोणी २,८५० चा शेअर निम्म्या कर्जानें घेतला असता, तर कर्ज १,४२५ झालें असतें. भाव २,३७५ वर येतांच मागणी झाली असती, आणि १,४२५ च्या आधीं गहाण विकलें असतें तर धनकोची एक कवडीहि बुडाली नसती. यावरून असें वाटेल कीं स्मृतींतील नियम पाळला असता तर बँक वांचली असती. हें अर्धेंच खरें आहे.

गहाण विकलें असतें, पण कोणास? येथें स्मृतिकारांच्या डोळ्यांपुढील गहाण आणि शेअर यांत एक मूलभूत भेद आहे. शेत किंवा तांब्याचें भांडें यांचें मोल शेजारच्या ऋणकोच्या दारिद्र्यानें उतरत नाहीं. एका कुळानें कर्ज बुडविलें म्हणून दुसऱ्याचें शेत पिकावयाचें राहात नाहीं. शेअराचें तसें नाहीं. सर्वांनीं कर्ज काढून शेअर घेतले म्हणूनच त्यांचा भाव चढलेला असतो. मागणी एकास आली कीं तो विकतो. विकल्यानें भाव उतरतो. भाव उतरल्यानें दुसऱ्याचें गहाण निःसार होतें व त्यालाहि मागणी येते. अशा रीतीनें निःसारता सांथीसारखी एका गहाणाकडून दुसऱ्याकडे जाते. त्यांतच धनको म्हणजे बँका व फायनान्शियल असोसिएशनें, आणि त्यांचे स्वतःचे शेअरहि त्याच बाजारांत. मग ऋणको, गहाण आणि धनको हीं तिन्ही एकाच वेळीं एकाच कारणानें खचतात. मुंबईंत हेंच झालें.

अमेरिकेंतहि याची पुनरावृत्ति झाली. १९२९ सालीं न्यूयॉर्कच्या बाजारांत शेंकडा १० रोख देऊन शेअर घेणारे पुष्कळ होते. तेथें मागणी करण्यास दलाल चुकले नाहींत. उलट ऑक्टोबरांत मागण्यांचाच पाऊस पडला, व त्या पुऱ्या करण्यासाठीं झालेल्या विक्रीनें घसरण वाढली. मुंबईंत मागणीच झाली नाहीं म्हणून नाश झाला. न्यूयॉर्कांत सर्वांस एकदम झाली म्हणून तो वाढला. म्हणून १९३४ च्या अमेरिकन कायद्यानें आरंभींचें मार्जिन ठरविण्याचा अधिकार तेथील फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेस दिला. १९७४ पासून तें शेंकडा ५० आहे. यांतील तत्त्व असें कीं, मागणीचा नियम एकेका धनकोचें रक्षण करतो; साऱ्या बाजाराचें रक्षण करावयाचें तर कर्जच मुळांत आंखडतें ठेवलें पाहिजे. आणि तें काम धनकोवर सोंपवून चालत नाहीं, कारण तेजींत अधिक कर्ज देण्यांतच त्याचा लाभ असतो.

५. पुढील इतिहास

मुंबईच्या दलालांनीं ९ जुलै १८७५ रोजीं आपली संस्था स्थापन केली. तीच पुढें मुंबई शेअरबाजार म्हणून नांवारूपास आली. तेथें बदला नांवाची पद्धति बराच काळ चालली. घेतलेल्या शेअरांचे पैसे देणें न जमल्यास आकार देऊन तो सौदा पुढच्या वायद्यावर ढकलावयाचा, असें तिचें स्वरूप होतें. ही पद्धति डिसेंबर १९९३ मध्यें सेबीनें बंद केली. १९९६ मध्यें अटी घालून ती पुन्हां सुरू झाली. आणि जुलै २००१ पासून अखेर बंद झाली. त्यानंतर २००४ चें मार्जिनचें परिपत्रक आलें, तें वर सांगितलेंच आहे.

याहून एका अलीकडील बदलाकडे संस्कृतज्ञांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. पूर्वीं गिऱ्हाइकाचे गहाण शेअर दलालाच्या खात्यांत जात, व ते त्यानें स्वतःच्या कर्जासाठीं वापरल्याचे प्रकार घडत. सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठीं दिलेले शेअर गिऱ्हाइकाच्याच डीमॅट खात्यांत राहतात, व त्यांवर केवळ गहाणाची नोंद होते. गोप्य गहाण धनकोनें भोगूं नये, हा जो प्राचीन नियम, त्याच्याच मार्गावर हा बदल आहे. मात्र स्मृतिकार नियम मोडणाऱ्याचें व्याज बुडवीत. येथें नियम मोडण्याची संधिच काढून घेतली आहे.

६. उपसंहार

तात्पर्य, मार्जिनवर शेअर घेणाऱ्यानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आपण विकत घेतलेली वस्तु कर्ज फिटेपर्यंत गहाणच आहे, आणि ती केव्हां विकावयाची हें मागणी चुकली त्या दिवशीं आपल्या हातीं राहात नाहीं. भाव पुढें चढेल हा त्याचा तर्क खरा ठरला तरी उपयोग नाहीं; मधल्या घसरणींत गहाण विकलें गेलें तर चढलेला भाव दुसऱ्याच्या पदरांत पडतो. आणि मागणी येते ती बहुधा इतरांसहि येते त्याच दिवशीं, म्हणजे रोख पैसा कोणाजवळच नसतो अशा वेळीं. ज्याच्यापाशीं दुसरें गहाण तयार आहे, व तें शेअरांखेरीज कांहीं आहे, त्यानेंच या वाटेस जावें.

संग्राहकांस एक विनंती. राजकीय पत्रव्यवहार आपण जिवापाड जपतों, पण गहाणखतें, फारखतें व पेढ्यांच्या वह्या रद्दींत जातात. कर्जाच्या कागदांवर आधींच एक संकट येऊन गेलें आहे. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें सुरू झालेल्या दंग्यांत खवळलेल्या कुळांचा रोख सावकारांजवळील खतांवरच होता. जें वांचलें तें तरी नीट वाचावें. मोडी गहाणखत हातीं आलें म्हणजे नांवें, तारीख व रक्कम टिपून थांबूं नये. गहाणाचें मोल उतरल्यास काय करावें याविषयीं त्यांत कांहीं अट आहे काय, आणि असल्यास तुटीचा भार कोणावर टाकला आहे, हें अवश्य पाहावें. १८६१ ते १८६७ या सालांतील मुंबईच्या पेढ्यांच्या वह्या कोणाजवळ असतील तर त्यांत शेअरांवर दिलेल्या कर्जाच्या रकमा व त्या दिवसांचे भाव शेजारीं शेजारीं मांडून पाहावे. जॅक्सन मंडळानें एका बँकेचा हिशेब केला. साऱ्या शहराचा हिशेब अशा वह्या जमल्यावांचून होणार नाहीं.